विटाळाचं माप

चिरनेरला पाहुणा आला की त्याला दोन जागा दाखवतात. एक महागणपतीचं देऊळ, दुसरं हुतात्म्यांचं स्मारक. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. गाव आज उरण तालुक्यात आहे, तेव्हा पनवेल तालुक्यात मोडायचं. त्या दिवशी गेलेल्या आठ सत्याग्रहींची नावं गावाला पाठ आहेत. नाग्या महादू कातकरी हे नाव तर रायगड जिल्ह्यात शाळकरी पोरंही सांगतात. दर वर्षी त्या तारखेला इथे मानवंदना होते.

आता त्याच सालाबद्दल दुसरा प्रश्न विचारून पाहा. १९३० साली या पंचक्रोशीत किती बायका बाळंतपणात गेल्या? उत्तर मिळायचं नाही. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यांत अंधारी खोली. तिथे जे काही सांडायचं, ते शेणामातीच्या जमिनीत मुरायचं. वर राख टाकायची, जमीन सारवून घ्यायची, दहा दिवसांचं सोयर पाळायचं आणि गप्प बसायचं. माळावर सांडलेलं रक्त इतिहासात गेलं, घरात सांडलेलं सारवणाखाली गेलं.

हे प्रकरण त्या दुसऱ्या रक्ताचं आहे. ते पुसून टाकण्याऐवजी मोजावं, असं कुणीतरी ठरवलं. मोजलं परिचारिकांनी. त्या मोजण्यातून एक औषध जगाच्या यादीत गेलं आणि मोजायचं कसं, हे पुढच्या मुलींना शिकवता आलं. रुग्णसेवा, संशोधन आणि शिक्षण ही परिचारिकेची तीन कामं म्हणून पुस्तकांत तीन रकाने आखलेले असतात. बाळंतिणीच्या खाटेजवळ मात्र हे तिन्ही रकाने एकाच हाताने भरले जातात.

रक्त थांबतं कसं?

बाळ बाहेर आलं की घरच्यांचे डोळे बाळाकडे वळतात. रडलं का, वजन किती, कुणासारखं दिसतं. अनुभवी सिस्टरचा एक हात मात्र तेव्हा आईच्या पोटावर असतो. बेंबीच्या आसपास दाबून ती काय बघते?

दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असतं. बाळाला वारेतून जे काही मिळतं, ते या प्रवाहातून. बाळ जन्मलं की वार सुटते आणि ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. बोट कापलं तर रक्त गोठून खपली धरते, तेवढ्यावर इथे भागत नाही. प्रवाहच इतका जोराचा असतो. इथे स्नायू कामाला येतात. गर्भाशयाच्या भिंतीत स्नायूंचे धागे आडवेतिडवे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्या मधून जातात. गर्भाशय आकसलं की पिशवीचा नाडा ओढावा तसे हे धागे आवळले जातात आणि वाहिन्यांची तोंडं मिटतात.

म्हणून तो हात पोटावर असतो. हाताला नारळासारखं टणक लागलं तर ठीक. भिजवलेल्या कणकेसारखं मऊ लागलं तर गर्भाशय आकसलेलं नाही आणि नाडा सैल आहे. मग पोट चोळायचं, लघवीची पिशवी भरली असेल तर रिकामी करायची, बाळाला लगेच छातीशी लावायचं. बाळ चोखू लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि तेच गर्भाशयाला आकसायला लावतं. पहिलं दूध पिळून टाकायची आणि बाळाला दोन-तीन दिवस मधाचं बोट चाटवायची जी जुनी रीत होती, तिने बाळाचं नुकसान व्हायचंच, आईच्या हातचं हे घरचं औषधही जायचं.

दवाखान्यात हेच ऑक्सिटोसिन इंजेक्शनने देतात. बाळ जन्मल्यावर मिनिटभरात, दहा युनिट, बहुधा मांडीत. औषध उत्तम आणि स्वस्त आहे, पण नाजूक. त्याला २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. जिथे फ्रिज नाही, किंवा फ्रिज आहे पण वीज नाही, तिथे त्याचा जोर हळूहळू कमी होतो. बाटली मात्र बाहेरून होती तशीच दिसते.

बाळंतपणानंतर ५०० मिलिलीटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं तर त्याला प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणतात. गावात म्हणतात ‘अंगावरून फार गेलं’. उपचार मिळाला नाही तर अशी बाई दोन तासांत जाऊ शकते. आता चिरनेरचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मोठा दवाखाना गाठायचा तर एका बाजूला उरण, दुसऱ्या बाजूला पनवेल. रस्त्यावर बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगा. आसपासच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात, आणि दिवस भरत आलेली बाई अनेकदा त्यांच्यातच असते. १०८ ची गाडी आहे, वर्दी दिली की निघते. पण दोन तासांतला किती वेळ ‘हे जास्त जातंय का?’ हे ठरवण्यात गेला, यावर सगळं अवलंबून असतं.

डोळा फसतो

घरी एक प्रयोग करून पाहा. अर्धा लिटर पाण्यात खायचा लाल रंग कालवा आणि ते जुन्या सुती साडीवर ओता. थोडं फरशीवर सांडू द्या, थोडं एका टॉवेलने टिपून घ्या. मग घरातल्या चौघांना बोलावून विचारा, किती पाणी असेल? बहुतेक जण कमी सांगतील. कापड पाणी पिऊन टाकतं आणि डोळ्याला फक्त वरचा डाग दिसतो.

बाळंतपणात तर रक्ताबरोबर गर्भजल असतं, लघवी असते. प्रकाश कमी असतो. आणि रक्त धो-धो जात असेल तर कुणीही ओळखेल, पण घात करतं ते संथ, न थांबणारं. धडपड नाही, आरडाओरडा नाही. बाई ‘दमलेय’ म्हणते, ‘तहान लागलीय’ म्हणते आणि पडून राहते. सगळ्यांना वाटतं, झोप लागली.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी यावर एक साधी वस्तू बनवली. प्लॅस्टिकचं एक अंथरूण, वर कमरेला बांधायचे बंद, खाली निमुळती होत जाणारी पारदर्शक पिशवी आणि तिच्यावर मिलिलीटरच्या रेघा. बाळ जन्मलं, गर्भजल वाहून गेलं की ते बाळंतिणीच्या खाली सरकवायचं. पुढचं सगळं रक्त त्या पिशवीत उतरतं. दुधाच्या मापट्यावर जशा रेघा असतात तशाच या. २००६ साली त्यांनी नजरेचा अंदाज आणि या पिशवीचं माप यांची तुलना प्रसिद्ध केली. नजरेचा अंदाज पिशवीपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. अंदाज करणारी माणसं प्रसूतीचं काम रोज करणारी होती, तरी डोळा दर तीन वाट्यांमागे एक वाटी विसरत होता.

पंचवीस जणी

पिशवी ज्या कामासाठी लागली, ते काम त्याहून मोठं होतं. २००५–०६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दवाखान्यात होणारी बाळंतपणं जेमतेम ३९ टक्के होती. बाकी घरी. घरी फ्रिज नाही, इंजेक्शन नाही. मग गर्भाशय आकसवणारी एखादी गोळी चालेल का? मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी बाजारात होती. ती आली होती पोटातल्या व्रणांसाठी, पण गर्भाशय आकसवण्याचा गुणही तिच्यात होता. तिला फ्रिज लागत नाही, सुई लागत नाही. प्रश्न एवढाच होता की खेड्यातल्या घरात, नर्सबाईच्या हातून, ती खरंच उपयोगी पडते का?

याचं उत्तर शोधण्यासाठी बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात एक चाचणी झाली. त्यात १,६२० बाळंतिणी होत्या. मोठ्या शहरातलं, यंत्रांनी भरलेलं रुग्णालय यात कुठेच नव्हतं. बाळंतपणं झाली घरांत आणि उपकेंद्रांत, आणि ती केली २५ एएनएमनी. एएनएम म्हणजे गावात जिला नर्सबाई म्हणतात आणि आपल्याकडे सरकारी कागदावर जी आरोग्य सेविका असते ती.

त्यांनी करायचं काय होतं ते पाहा. बाळ जन्मलं, नाळ बांधून कापली की पाच मिनिटांच्या आत पाकिटातल्या गोळ्या द्यायच्या. काही पाकिटांत मिसोप्रोस्टॉल होतं, ६०० मायक्रोग्रॅम. काहींत तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या होत्या. कोणत्या पाकिटात काय, हे बाळंतिणीला ठाऊक नव्हतं आणि नर्सबाईलाही नव्हतं. तिला ठाऊक असतं तर औषध मिळालेल्या बाईबद्दल तिचं मन नकळत निर्धास्त झालं असतं आणि माप तिकडे झुकलं असतं. मग पिशवी सरकवायची, एक तास थांबायचं, अजून जात असेल तर दुसरा तास थांबायचं आणि रेघ वाचून लिहायची.

हिशेब करून पाहिला तर एकेकीच्या वाट्याला सरासरी ६५ बाळंतपणं येतात. ६५ वेळा कुणाच्या तरी ओसरीवर रात्र काढायची. ६५ वेळा सासूला समजवायचं की ही प्लॅस्टिकची पिशवी कशाला, आणि सून तिच्यावरून का उठणार नाही. प्रयोगशाळेतल्या संशोधकाला उंदीर असं काही विचारत नाहीत.

निकाल २००६ च्या ऑक्टोबरमध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. औषध नसलेल्या गोळ्या मिळालेल्या ८०८ जणींपैकी १२ टक्क्यांना रक्तस्राव झाला. मिसोप्रोस्टॉल मिळालेल्या ८१२ जणींत हे प्रमाण ६.४ टक्के होतं. फार गंभीर रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. हे आकडे दुसऱ्या रीतीने सांगतो, म्हणजे नीट पोचतील. १८ बाळंतिणींना ही गोळी दिली तर त्यांतल्या एकीचा रक्तस्राव टळतो. त्रास काय, तर काहींना थंडी वाजून ताप येतो आणि काही वेळाने उतरतो. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉल आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं, आणि त्यामागच्या पुराव्यांत बेळगावच्या ओसऱ्यांवरचा पुरावाही होता.

निबंधाच्या सारांशात त्या नर्सबाई कशा येतात? ‘२५’ या आकड्याने. त्यांनी बाळंतपणं केली, औषध दिलं आणि रक्त मोजलं, असं एका वाक्यात म्हटलेलं आहे. वाक्य अचूक आहे. पण जरा थांबून वाचलं तर लक्षात येतं की अभ्यासाचा जो गाभा, तो सगळा त्या एका वाक्यात बसला आहे. डोळ्याने अंदाज न करता माप वाचणं आणि जे आहे तेच लिहिणं, हे त्यांनी १,६२० वेळा केलं नसतं, तर टक्केवारीच्या दशांश चिन्हाला काही अर्थ उरला नसता.

तीच पिशवी पुढे फार लांब गेली. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांतल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मापाची पिशवी वापरायची आणि धोक्याची रेघ ओलांडली की सगळे उपचार एकामागून एक न करता एकदमच सुरू करायचे, एवढीच त्याची रीत. एरवी रक्तस्राव झालेल्या जवळपास निम्म्या बायका वेळेत ओळखल्याच जात नव्हत्या, तिथे ९३ टक्के ओळखल्या गेल्या. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. नवं औषध यात एकही नव्हतं.

जे शिवायचं नाही, ते शिकायचं

आपल्याकडे हे मोजणं इतक्या उशिरा का आलं? फ्रिज नव्हता, रस्ता नव्हता, हे खरंच. पण त्याआधी एक भिंत होती, विटाळाची. बाळंतिणीचं रक्त शिवायचं नाही, बघायचं नाही, त्याबद्दल बोलायचं नाही. ते काम सुईणीचं. तिचे हात अनेकदा कसबी असायचे, पण तिला ओटीवरही घ्यायचे नाहीत आणि तिला काय कळतं हे कुणी विचारायचं नाही. ज्या हातांना सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, त्यांना लिहिता येत नव्हतं. ज्यांना लिहिता येत होतं, ते खोलीच्या बाहेर उभे असायचे.

ही भिंत पाडायची तर लिहिता-वाचता येणाऱ्या बायकांनी त्या खोलीत जाणं भाग होतं. मुंबईत कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झालं आणि त्या सुमारास परिचारिकांचं शिक्षणही. १८९१ साली या शिक्षणासाठी आलेली पहिली हिंदी बाई म्हणून परिचर्येच्या इतिहासात बाई काशीबाई गणपत यांचं नाव घेतलं जातं. पुण्यात १९०९ साली सेवासदन उभं राहिलं. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी तिथल्या मुलींना, त्यांत विधवाही होत्या, ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला धाडलं. सोवळ्यातल्या घरची बाई परक्याची जखम धुते, मलमूत्र उचलते, ही त्या काळच्या पुण्याला न पचणारी गोष्ट होती. सेवासदनाने वर्ग भरवला, निवासाची सोय केली आणि हळूहळू त्या कामाला पगार आणि मान मिळू लागला. नर्सच्या पांढऱ्या कपड्यांचा आब आज आपल्याला सहज वाटतो. तो असा मिळवावा लागला.

पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार करणारी एक इंग्रज बाई लंडनमध्ये खाटेवर पडल्या-पडल्या हिंदुस्थानातल्या खेड्यांच्या सांडपाण्याची चौकशी करत असे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल. ती इथे कधीच आली नाही. तिला आपण हातात दिवा घेतलेली देवी करून टाकलं आहे, पण तिच्या दुसऱ्या हातात कायम आकड्यांची वही होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा घाणीने जास्त मरतात, हे तिने १८५८ साली रंगीत आकृत्या काढून सरकारला दाखवलं. आपल्या विषयाला अगदी जवळची गोष्ट त्यानंतरची आहे. लंडनच्या एका रुग्णालयात तिच्या निधीतून सुइणींच्या शिक्षणासाठी एक प्रसूतिकक्ष चालत होता. तिथे बाळंतिणी सूतिकाज्वराने मरू लागल्या, तेव्हा १८६७ मध्ये तो बंद झाला. मग तिने वेगवेगळ्या ठिकाणच्या बाळंतिणींच्या मृत्यूंचे आकडे गोळा केले आणि १८७१ साली पुस्तक काढलं. निष्कर्ष तिला स्वतःलाच अडचणीत आणणारा होता : त्या काळी घरी बाळंत होणारी बाई रुग्णालयातल्या बाईपेक्षा जास्त सुरक्षित होती. आपण उभं केलेलं काम मारक ठरतंय हे मोजून, लिहून, छापून जगाला सांगणं, हा संशोधनाचा कळस म्हणायला हवा. १८९६ मध्ये तिने हिंदुस्थानसाठी आणखी एक कल्पना मांडली : खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन बायकांशी बोलणाऱ्या आरोग्यशिक्षिका असाव्यात. आज ५,००० वस्तीमागे, आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक उपकेंद्र असावं असा आपला नियम आहे. तिथली आरोग्य सेविका आणि तिच्याबरोबर वाडीवर जाणारी आशाताई या त्या कल्पनेच्या फार पुढे गेल्या आहेत.

पाण्याने भरलेलं बाळ

शिकवणं म्हणजे फळा आणि वही असं परिचर्येत चालत नाही. हाताला शिकवावं लागतं, आणि चुकायला वाव द्यावा लागतो. जिवंत माणसावर चुकता येत नाही, म्हणून बाहुली लागते.

न रडलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा हे शिकवायला एक बाहुली वापरतात. ती रिकामी असते तेव्हा घडी घालून पिशवीत मावते. वर्गात तिच्यात पाणी भरतात. पाणी भरलं की ती खऱ्या बाळाएवढी जड होते आणि हातावर घेतली की हातपाय तसेच लुळे पडतात. शिकवणारी बाई रबरी फुगा दाबून नाळेतले ठोके चालू-बंद करते. शिकणारीने पुसायचं, पाठ चोळायची, तोंड-नाक मोकळं करायचं, तरी बाळ हललं नाही तर मिनिटाच्या आत पिशवी आणि मास्कने हवा द्यायची. छाती वर आली तर बरोबर, नाही आली तर मास्क नीट बसलेला नाही. बेळगावच्याच संशोधकांनी कर्नाटकातल्या ग्रामीण आरोग्य केंद्रांत आणि जिल्हा व शहरी रुग्णालयांत बाळंतपण करणाऱ्या ५९९ जणांना हे शिक्षण देऊन आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले. मृत जन्मलेली म्हणून नोंदवली जाणारी बाळं ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आली. म्हणजे त्यांतली काही बाळं मेलेली नव्हतीच. श्वास द्यायला कुणी थांबलं नव्हतं.

वर्गात काय शिकवलं यापेक्षा त्याने वॉर्डात काय बदललं, हे मोजलं की शिक्षणही संशोधन होतं. महाराष्ट्रात याची रचना हळूहळू उभी राहिली. १९६४ मध्ये मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघालं आणि परिचर्या हा पदवीचा विषय झाला. १९९८ पासून नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. बी.एस्सी.च्या मुलीला आज एक संशोधन प्रकल्प करावाच लागतो.

जे घडलंच नाही

परिचारिकेच्या यशाची अडचण अशी की ते दिसत नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की टाका दिसतो. न झालेला रक्तस्राव कसा दाखवणार?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर अत्याचार झाला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. त्यांच्या दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच त्यांचे जवळचे मानलं. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर झाला नाही, ही गोष्ट तिथे पुढे आली. घरात कुणी महिनाभर झोपून असेल तर हे वाक्य काय आहे ते कळेल. एकाच कुशीवर दोन-तीन तास पडून राहिलं की हाडावरच्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो आणि ती आतून मरू लागते. केईएममध्ये परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण कूस बदलायची चुकली नाही.

डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने हेच काम वहीत उतरवलं. पाठीला कुठलं मलम चोळावं यावर तेव्हा वॉर्डावॉर्डांत वाद चालायचे. तिने म्हाताऱ्या रुग्णांवर अभ्यास करून १९६२ मध्ये दाखवलं की मलमांनी फारसं काही होत नाही, दर दोन तासांनी कूस बदलल्याने होतं. शिवाय कोणाला धोका जास्त, हे ओळखायला पाच प्रश्नांचं एक गुणपत्रक दिलं. केईएमच्या परिचारिकांनी करून दाखवलं, नॉर्टनने मोजून दाखवलं. मोजलेलं असलं की ते पहिल्या वर्षाच्या मुलीलाही देता येतं.

तीन जिने

आपल्या सरकारी व्यवस्थेत या कामांना वेगळे जिने आहेत. वॉर्डातली अधिपरिचारिका वर चढून परिसेविका होते, पुढे अधिसेविका. शिकवणारी पाठ्यनिर्देशिका दुसऱ्या जिन्यावर. गावातली आरोग्य सेविका तिसऱ्याच इमारतीत. संशोधनाला जिनाच नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. हा निकष जिथे पाळला जात नाही, तिथे एकीच्या वाट्याला अख्खा वॉर्ड येतो आणि मग मोजणं सगळ्यांत आधी सुटतं. नाडी बघितली जाते, लिहिली जात नाही. किंवा उलटं : बघितली जात नाही, लिहिली मात्र जाते. दुसरं जास्त वाईट.

उपकेंद्रात तर नोंदींचा तोटा नाहीच. रजिस्टरं आहेत, पोर्टल आहे, माता-बाल संरक्षण कार्ड आहे. पण आकडे वर जातात आणि परत खाली येत नाहीत. गेल्या वर्षी आपल्या भागात किती जणींना अंगावरून जास्त गेलं, त्यांतल्या किती वीटभट्टीवरून आल्या होत्या, कितींचं हिमोग्लोबिन आधीपासूनच कमी होतं, हे जिने लिहिलं तिलाच कुणी विचारत नाही. ज्या दिवशी ती स्वतःच्या रजिस्टरवर बोट ठेवून ‘या वाडीतल्या बायकांना दिवाळीआधी तपासायला हवं’ म्हणेल, त्या दिवशी संशोधनाचा रकानाही तिचा झाला.

२०१८–२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. आपला आकडा चांगला आहे. त्यामागे रस्ते आहेत, रक्तपेढ्या आहेत, डॉक्टर आहेत आणि राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, हेही आहे. राहिलेल्या ३३ जणी मात्र बहुतेक रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या असतात.

समजा, असंच एक उपकेंद्र आहे. रात्रीचे अडीच. भट्टीवरून परतलेली कातकरी बाई आताच मोकळी झाली आहे. ग्रामीण पोस्टिंगला आलेली नर्सिंगची मुलगी पहिल्यांदाच हे जवळून बघते आहे. तिचा हात बाईच्या पोटावर आहे.

“कसं लागतंय?” सिस्टर विचारतात.

“टणक.”

“हात काढू नको. किती गेलं असेल गं?”

मुलगी खाली बघते. “दोनशे असेल, सिस्टर.”

“आता पिशवी बघ.”

ती वाकते. बॅटरीचा झोत रेघेवर धरते.

“तीनशे.”

“लिही. आणि पुढे वेळ टाक.”